पुढचं स्टेशन समरभूमी

"समरभूमी म्हणाली ती," आईने मला कोपराने ढोसलं.

"कोण?"

"ही गाडीतली बाई. जय समरभूमी म्हणाली. ऐक की नीट."

बँकॉकची स्कायट्रेन. डब्यात एसी इतका गार की आईने साडीचा पदर कानावरून घेतला होता. आजूबाजूचे सगळे मोबाईलमध्ये बुडालेले. दारावरच्या पट्टीवर इंग्रजीत व्हिक्टरी मॉन्युमेंट एवढंच लिहिलं होतं. गाडी हळू झाली, तेवढ्यात ती रेकॉर्डवरची बाई पुन्हा बोलली आणि या वेळी मी कान दिला. "सथानी अनुसावरी चाय समोरफूम." सथानी म्हणजे स्थानक. चाय म्हणजे जय. समोरफूम म्हणजे आईची समरभूमी.

आमचं तिकीट पुढचं होतं. पण आई उठून दाराशी उभीसुद्धा राहिली होती.

खाली उतरून पाहिलं तर मोठ्ठं वर्तुळ, त्याभोवती गरगर फिरणाऱ्या बस, आणि मधोमध संगिनींची जुडी उभी करून ठेवावी तसा खांब. पायथ्याशी सैनिकांचे पुतळे. हे स्मारक १९४१ सालचं, फ्रेंचांशी झालेल्या छोट्याशा युद्धाचं. आज तिथे कोणी युद्ध आठवायला येत नाही, बस बदलायला येतात. आईने पदराने घाम पुसला, खांबाकडे बघितलं आणि म्हणाली, "शब्द मात्र आपलाच हं."

आपलाच, आपलीच, आपलंच. सुवर्णभूमी विमानतळावर उतरल्यापासून हे चाललं होतं. तिथे आत समुद्रमंथनाचा भलाथोरला देखावा आहे. एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला दानव, मधे ताणलेला वासुकी, वर विष्णू. चोवीस तास जागी असलेली आई ट्रॉलीला धरून त्याच्यापुढे दहा मिनिटं उभी होती. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलेली बाई. निवृत्तीनंतर डोंबिवलीहून फारशी कुठे गेली नव्हती. मी जायचं ठरवलं तेव्हा म्हणाली होती, "परदेशात मला काय कळणार?" आणि इथे विमानतळावरच सगळं कळायला लागलेलं.

मला या 'आपलंच'चा जरा रागच येतो. आपली माणसं परदेशात देऊळ बघतात ती हिशेब तपासायला आल्यासारखी. हे आपल्याकडून गेलं, ते आपल्याकडून गेलं. जणू यांनी दोनशे-पाचशे वर्षं नुसतं सामान सांभाळलं. पण आईसमोर असं काही बोलायची सोय नव्हती. त्या रात्री हॉटेलवर तिने मला या शहराचं पूर्ण नाव शोधून देवनागरीत लिहून द्यायला लावलं. बँकॉक हे परक्यांनी वापरायचं नाव. इथली माणसं क्रुंगथेप म्हणतात, आणि तेही नुसतं सुरुवातीचं टोक. पूर्ण नाव जगातलं सगळ्यात लांब गावाचं नाव म्हणून प्रसिद्ध आहे. मी उच्चारासह लिहून दिलं. क्रुंगथेप महानखोन अमोन रत्तनकोसिन महिंथरायुत्थया... आईने चष्मा लावला, लाल पेन मागितलं आणि उत्तरपत्रिका तपासावी तशी बसली. महानखोन, महानगर. अमोन, अमर. नोफरत्न राजथानी, नवरत्न राजधानी. बुरीरोम, पुरी रम्य. उदोम राजनिवेत, उत्तम राजनिवेशन. अवतान सथित, अवतार स्थित. सक्कथत्तिय, शक्राने म्हणजे इंद्राने दिलेली. आणि शेवटी वित्सनुकाम प्रसित, विश्वकर्म्याने सिद्ध केलेली. अर्ध्या तासात पूर्ण वाक्य लागलं. फक्त पहिल्याच 'क्रुंग'पाशी तिचं पेन अडलं.

"हे काय आहे?"

"ख्मेर भाषेतून आलंय. नगर, राजधानी."

"बरं," आई म्हणाली आणि त्या शब्दाखाली प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

राजवाडा बघायला गेलो तो तिसरा दिवस. फाटकापासून शंभर पावलांवर एक इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ आडवा आला. गळ्यात कसलंसं ओळखपत्र. आज दुपारपर्यंत दर्शन बंद आहे, भिक्षूंची प्रार्थना चालू आहे, तोवर माझ्या ओळखीची रिक्षा तुम्हाला तीन देवळं आणि रत्नांचं दुकान दाखवेल, असं तो फार प्रेमाने सांगत होता. आईने त्याला नमस्कार केला, "हो का?" म्हणाली आणि चालत राहिली. मी विचारलं, कसं कळलं तुला? तर म्हणे, "पंढरपूर-नाशिकला जन्म गेलाय माझा. देव बंद आहे असं जो सांगतो त्याचं दुकान उघडं असतं."

दर्शन अर्थातच सुरू होतं. तिकीट ५०० बाट. आईने रुपयात गुणाकार केला आणि तेराशे हा आकडा आल्यावर पर्सची चेन जरा जोरात लावली.

राजवाड्याच्या आवारातल्या देवळातली, पाचूचा बुद्ध म्हणतात ती मूर्ती जेमतेम ६६ सेंटीमीटरची, उंच उंच चौथऱ्यावर. खालून ती हिरवी ठिणगीच दिसते. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिचे तीन सोन्याचे पोशाख आहेत आणि ऋतू बदलला की ते राजाच्या हस्ते बदलतात. आईला हे पटलं. विठोबाला नाही का उन्हाळ्यात चंदनउटी, थंडीत शाल? मग मी तिला सांगितलं की ही मूर्ती इथली नाही. १७७९ साली लाओसच्या व्हिएन्तियान शहरावर स्वारी झाली तेव्हा ती तिथून आणली, आणि ज्या सेनापतीने आणली तोच पुढे १७८२ मध्ये राजा झाला, त्यानेच हे शहर वसवलं. व्हिएन्तियानला तिचं देऊळ अजून आहे. मूर्तीशिवाय.

आई काही वेळ वर बघत राहिली. "म्हणजे तिकडचे लोक येऊन म्हणत असतील, हे आमचं."

"असतीलच."

ती पुढे काही बोलली नाही. मीही खुंटा हलवला नाही.

खरी गंमत देवळाच्या भोवतालच्या ओवऱ्यांमध्ये होती. सगळ्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थायलंडचं रामायण, १७८ चित्रांमध्ये. जनक शेत नांगरतोय तिथून सुरुवात, आणि मग उजव्या हाताने चालत राहायचं. चित्रं पहिल्या रामाच्या काळातली, पुढे पुन्हा पुन्हा रंगवलेली. (इथल्या राजांना क्रमांक आहेत, पहिला राम, दुसरा राम. सध्या दहावा चालू आहे.) सोन्याच्या वर्खाने चमकणारे मुकुट, राक्षसांचे हिरवे-जांभळे चेहरे. पण जरा खाली वाकून बघावं. राजेरजवाडे वर लढत असतात आणि खालच्या काठाला कुणी स्वयंपाक करतंय, कुणी पोराला दटावतंय, कुणी भिंतीला टेकून पेंगतंय. चितारी माणूस होता, त्याला लढाईचा कंटाळा आला असणार.

आई माणसाळल्यासारखी चालली होती. हा राम, ही सीता. दशकंठाला इथे थोत्सकान म्हणतात, तेही तिने हातोहात सोडवलं. सीता ही मुळात रावणाचीच मुलगी, असं रामकियनमध्ये आहे म्हटल्यावर मात्र थबकली. पण लगेच म्हणाली, आपल्याकडेही असं सांगणारे होते. एका चित्रात पांढऱ्या मारुतीने अक्राळविक्राळ रूप घेतलंय आणि रामाचा अख्खा मंडप तोंडात धरलाय, दातांच्या मागे माणसं सुखरूप. रात्री मैयराप राक्षस रामाला पळवून न्यायला येणार म्हणून हा बंदोबस्त. "महिरावण!" आई जवळजवळ ओरडलीच. "आपल्याकडे शेपटीचा कोट करतो. इथे तोंडात ठेवलंय. हे जास्त बरं आहे, कोटाला दार ठेवावं लागतं."

आता एक सांगायला हवं. आई मारुतीची माणूस आहे. कळायला लागल्यापासून मी तिला दर शनिवारी रुईच्या पानांची माळ करताना पाहिलंय. देठं सारख्या लांबीची, पानाची लव निघू नये म्हणून हलक्या हाताने पुसलेली. तेलाची वाटी, माळ, आणि रेल्वेलाईनजवळचं ते छोटं देऊळ. बाबा गेले त्या आठवड्यातला शनिवार सोडला तर खंड नाही. म्हणून रामकियनमधल्या हनुमानाबद्दल मी जे वाचून गेले होते ते तिला सांगायचं मी दोन दिवस टाळत होते.

ते काम शेजारच्या ग्रुपच्या गाईडने केलं. थाई माणूस, पण अहमदाबादच्या पंचवीस जणांना तो हिंदीत सांगत होता, आणि हिंदी त्याची बरी होती. "हनुमानजी इधर ब्रह्मचारी नहीं है," तो एका चित्राकडे छत्री करून म्हणाला. "इधर बहुत शादी है."

ग्रुपमधून हशा उठला. एक काकी "जय श्रीराम" म्हणाल्या. आई जागच्या जागी उभी.

चित्रात समुद्र होता. वानर सेतूसाठी दगड टाकताहेत आणि खाली मासे ते दगड पळवताहेत. माशांची राणी सुवन्नमच्छा, सुवर्णमत्स्या, कमरेच्या वर बाई आणि खाली मासोळी. ती रावणाची मुलगी, बापाने सेतू मोडायला पाठवलेली. हनुमान तिला पकडायला पाण्यात उडी मारतो. पकडतो, आणि मग दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. दगड परत मिळतात, सेतू होतो, आणि यथावकाश मुलगा होतो. इथल्या घरांत, दुकानांत या जोडीचं चित्र शुभ म्हणून लावतात. शिवाय ही एकच नाही. बिभीषणाची मुलगी बेन्यकाय आहे, आणखीही आहेत.

मी म्हटलं, "आई, गोष्ट आहे गं ही."

"मुलाचं नाव काय?"

"मच्छानु. अर्धा वानर, अर्धा मासा. तो पुढे मैयरापकडे पाताळात पहारेकरी असतो, आणि बापाशीच लढतो."

आईच्या कपाळावर आठी पडली, पण ती रागाची नव्हती. शाळेत एखादं पोर अनपेक्षित उत्तर द्यायचं तेव्हा पडायची, ती. "म्हणजे मकरध्वज," ती सावकाश म्हणाली. "अगं मकरध्वजच हा. महिरावणाच्या दारात उभा असतो तोच. आपल्याकडे घामाचा थेंब समुद्रात पडतो, मगरीने गिळला म्हणून मुलगा झाला, असं सांगतात."

"हो."

"मला लहानपणी आजीला विचारावंसं वाटायचं, घामाने कसा होतो मुलगा? विचारलं नाही कधी." ती पुन्हा चित्राकडे वळली. सोनेरी मासोळी वळून मागे बघत होती आणि पांढरा मारुती तिच्या मनगटाला धरून. "यांनी सरळ सांगून टाकलं."

ओवरीतून बाहेर आलो तेव्हा ऊन रणरणत होतं. दारावरचा हिरवा थोत्सकान, दात विचकून, गदेवर दोन्ही हात ठेवून देवळाची राखण करत होता. रावण राखणदार! त्याच्याकडे आईने आता पाहिलंसुद्धा नाही. ती वेगळ्याच विचारात होती.

त्या दुपारी वाट फोमध्ये गेलो. वाट म्हणजे इथे देऊळ. आडवा बुद्ध ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच. डोक्यापासून पायापर्यंत चालत जायचं. तळव्यांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हं. पाठीमागच्या बाजूला भिंतीशी ओळीने १०८ काशाची भांडी, २० बाट देऊन चिल्लरची वाटी घ्यायची आणि एकेकात नाणं टाकत जायचं. सगळ्या दालनात टण टण टण असा अखंड आवाज भरून राहतो. भांड्यांच्या दुकानात दिवाळीची गर्दी असावी तसा. आईची नाणी वीसेक भांडी बाकी असतानाच संपली. मागून येणाऱ्या शाळकरी मुलीने न बोलता आपल्या वाटीतली मूठभर तिच्या हातावर ठेवली.

पलीकडच्या काठाला वाट अरुण. ५ बाटची होडी. लांबून तो मनोरा पांढऱ्या दगडात कोरल्यासारखा दिसतो, आणि जवळ गेलं की कळतं, कोरीव काम नाहीच. चिनी मातीच्या फुटक्या बशा. शेकडो, हजारो, चुन्यात बसवलेल्या. चिनी व्यापारी जहाजांमधून भरताड म्हणून आलेली भांडी, त्यांचे तुकडे जोडून फुलं केलीत, पाकळ्या केल्यात, साधी बशी उलटी बसवून फुलाचा मधला गोल केलाय. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगला चायना मोझॅक केलंय, तेच हे. आमच्या सेक्रेटरींनी मात्र फुलं केली नाहीत.

चौथ्या दिवशीची संध्याकाळ मला अजून नीट मांडता येत नाही. लाल रंगाचा सागवानी राक्षसी झोपाळा आहे जुन्या शहरात, म्हणजे झोपाळ्याची चौकट. पूर्वी तिथे राजाचे ब्राह्मण उत्सवात झोके घ्यायचे. १९३५ मध्ये ते बंद झालं. त्याच्यासमोर वाट सुथात. सुथात म्हणजे सुदर्शन. आत सुखोथाई या जुन्या राजधानीहून नदीतून आणलेला आठ मीटर उंच काशाचा बुद्ध. आम्ही पोचलो तेव्हा ऊन कललं होतं आणि भिक्षूंचं पठण चालू होतं. पाय मूर्तीकडे होऊ नयेत म्हणून दुमडून मागे बसलो. आई डोळे मिटून शब्द वेचायला लागली. एखादा सापडायचा, चार निसटायचे. चेहऱ्यावर दिसत होतं.

आमच्या पुढे एक जोडपं होतं. साठीचे असतील. बाईंची पांढरी साडी, त्यांचा पांढरा शर्ट. मी आधी त्यांना श्रीलंकेचे समजले. मग लक्षात आलं, दोघांचे ओठ हलताहेत. भिक्षूंच्या बरोबरीने, एकही शब्द न चुकता. मधेच चाल वेगळी पडली की थोडं थांबायचे, पुन्हा गाडीत चढल्यासारखे चढायचे.

पठण संपल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, "पाणी आहे का जी बॅगमध्ये?"

आईने लगेच विचारलं, "तुम्ही नागपूरचे?"

"हो ना ताई. इंदोऱ्याचे."

बोलणं निघालं. दोघंही रिटायर झालेले, मुलीने तिकीट काढून दिलं होतं. आई म्हणाली, तुम्हाला सगळं येत होतं, इकडे शिकलात का? तर ते काका हसले. "इकडे कशाला? आमचं रोजचंच आहे हे. वंदना. विहारात म्हणतो, घरी म्हणतो. छप्पन साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा माझे वडील होते तिथं, मैदानावर. तेव्हापासूनचं." मग मूर्तीकडे बघत म्हणाले, "यांची चाल जरा वेगळी आहे. शब्द तेच."

बाईंनी आईला विचारलं, "तुम्हाला येते का पाली?"

"नाही," आई म्हणाली. "संस्कृत शिकवायचे मी."

"मग येईल की. काही कठीण नाही."

परतताना होडीत आई बराच वेळ गप्प होती. पाण्यावर हॉटेलांचे दिवे लागले होते, आणि एक जेवणाची बोट ढणढण गाणी लावून शेजारून गेली. ती गेल्यावर आई म्हणाली, "चौतीस वर्षं. आणि पालीचं एक पुस्तक उघडलं नाही मी. आपल्या गल्लीच्या टोकाला विहार आहे गं. पौर्णिमेला आवाज येतो. मी खिडकी लावून घ्यायचे, वह्या तपासायला त्रास होतो म्हणून."

मी काय बोलणार? त्यानंतर मात्र तिने 'आपलंच' म्हटल्याचं मला आठवत नाही.

बाकीचं भराभर सांगते. ताबिजांचा बाजार पाहिला नदीकाठी. पुरुष माणसं डोळ्याला भिंग लावून नखाएवढे बुद्ध तपासत बसतात. ते विकत घेतले असं म्हणत नाहीत, भाड्याने घेतले म्हणतात, कारण बुद्ध विकायचा नसतो. हे मला फार आवडलं. प्रत्येक इमारतीसमोर खांबावर एक छोटं देऊळ, त्या जागेच्या राखणदाराचं. कोकणात आपला असतोच. इथे त्याला लाल फँटा लागतो, आणि बाटलीचं झाकण काढून स्ट्रॉ घालून ठेवतात. खाण्याचं म्हणाल तर फिश सॉस सगळीकडे, त्यामुळे आई पाच दिवस आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात यांवर जगली आणि अजिबात तक्रार केली नाही.

शेवटच्या पहाटे पाक ख्लोंग तलात. फुलांचा बाजार. तो चोवीस तास चालतो, पण खरा रंग उजाडायच्या आधी. दादरच्या फुलबाजारात ज्यांनी पाय चिखलात घातलेत त्यांना वेगळं वर्णन नको. पोतीच्या पोती झेंडू. त्याला इथे दाव रुआंग म्हणतात, तेजस्वी तारा. थर्मोकोलच्या पेट्यांमध्ये बर्फावर मोगऱ्याच्या कळ्या. कमळाच्या कळ्यांच्या जुड्या, पाकळ्या आत दुमडून ठेवलेल्या.

एका वळणावर आई थांबली ती थांबलीच. बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर एक बाई फुआंग मालाय करत बसली होती. आईच्याच वयाची, केसांना जाळी. फूटभर लांब सुई, तिला थोडं व्हॅसलीन पुसलेलं. कळी घ्यायची, देठाच्या बुडाशी आडवी टोचायची, तिच्या शेजारी दुसरी, किंचित सरकवून तिसरी, असा गोल. मग त्यावर दुसरा गोल, पहिल्याच्या फटीत. सुई भरली की सगळं एकदम दोऱ्यावर ओढायचं आणि हातात येतो तो हार नसतो, विणलेला दोरखंड असतो, पांढराशुभ्र, कुठेही फट नाही.

आई जमिनीवर बसली. त्या बाईने तिला दुसरं स्टूल सरकवलं, ते आईने पर्स ठेवायला वापरलं. आईने खुणेने चार कळ्या मागितल्या, दोरा मागितला आणि आपला गजरा करून दाखवायला लागली. दोन कळ्या इकडे तोंड, दोन तिकडे, मधे फास. आणि सवयीने दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं.

त्या बाईच्या तोंडून "उई" असं काहीसं निघालं. तिने वाकून हलकेच तो दोरा आईच्या अंगठ्यातून सोडवला, स्वतःच्या कपाळाला लावला आणि टोक आपल्या मुठीत धरून बसली. आता ताण तिच्या हाताचा, फास आईच्या बोटांचे. आई कानापर्यंत लाल झाली. "देवाचं नव्हतं गं, गजरा होता," असं मला दोनदा म्हणाली. बाईला त्यातलं काही कळलं नाही, पण ती मान हलवत होती. मी मधेच एक कळी उचलून नाकाशी नेली तर दोघींनी एकाच वेळी, एकाच सुरात "अंहं!" केलं. वाहायचं फूल हुंगायचं नसतं. एवढ्यासाठी भाषांतराचं ॲप लागलं नाही.

ॲप लागलं ते नंतर. बाईच्या मांडीपाशी एक पिशवी होती. तिच्यात फिकी जांभळट पांढरी, मेणाची वाटावीत अशी फुलं, पाकळ्या काढून फक्त मधले मुकुट ठेवलेले. हारांच्या खालचे गोंडे त्यांचे करतात. आईने एक चिमटीत धरलं, उलटसुलट केलं.

"ही रुई आहे."

"इथे?"

"मला सांगतेस? रुईचं फूल आहे हे. चीक असतो याला, डोळ्यांना हात लावू नकोस." मग त्या बाईकडे वळून, सगळं जग मराठी समजतं अशा खात्रीने, "याला काय म्हणता?"

"दोक राक," बाई म्हणाली. मी फोन पुढे केला. ती पुन्हा म्हणाली, "राक, राक." फोनने सांगितलं, प्रेमाचं फूल. झाडाचं नाव आणि प्रेमाचा शब्द इथे उच्चाराला एकच आहेत. म्हणून लग्नाच्या हारात हे हवंच. बाईने दोन्ही तर्जन्या एकमेकींना लावून दाखवल्या, नवरा-बायको.

आईने ते फूल तळहातावर ठेवलं आणि खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग खुदकन हसली. मला बाबा गेल्यापासून तिचं असं हसणं आठवत नव्हतं.

निघताना बाईने तिला एक जुनी सुई दिली, वर्तमानपत्रात गुंडाळून. पैसे घेतले नाहीत. आईने स्वतःचा गजरा तिच्या जाळीत खोवला. विमानतळावर सुईवरून भानगड नको म्हणून ती मोठ्या बॅगेत, आईच्या साड्यांच्या घडीत गेली.

परतल्यावर पहिलाच शनिवार. मी सकाळी उठले तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, दोन्ही पाय मांडीखाली नीट दडवून. समोर ताटात रेल्वेलाईनजवळून आणलेली रुईची फुलं, पाकळ्या काढून केलेले मुकुट, आणि बोटाला तेल. व्हॅसलीन तिला देवाच्या कामाला चाललं नसावं. पहिला गोल तिरका झाला, उसवला. दुसरा बरा आला. दीड तासात वीतभर झालं. खाली गोंडा. पानांची माळ होतीच, ती वेगळी.

देवळात गर्दी नव्हती. गुरुजींनी माळ घेतली, घातली. मग तो पांढरा-जांभळा दोरखंड हातात घेऊन उजेडात धरला.

"काकू, हे वेगळंच काहीतरी केलंय. कुठली पद्धत ही?"

"सासरची," आई म्हणाली.

"तुमच्या?"

आई तेलाची वाटी पुसत होती. तिने नुसती हनुवटीने गाभाऱ्याकडे खूण केली.